पाहुण्यांसाठी राखलेले फुटवे

दिनांक २४ एप्रिल २०२४, बुधवार. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मेंढरांचा कळप आमच्या बांधाला लागला. वेळ नेमकी सांगता येते, कारण त्या वेळी मी रक्तदाबाची गोळी घेत होतो, आणि ती मी घड्याळ पाहूनच घेतो.

या कळपाची वाट मी पाडव्यापासून पाहत होतो. आमचे शेत ईट गावापासून जवळ, डोंगराच्या पायथ्याशी आहे. त्याचे दोन भाग आहेत. खालचा भाग ओढ्याकाठी, काळा आणि भारी. वरचा तुकडा माळाला टेकलेला. तिथे वीतभर तांबूस माती आणि तिच्याखाली मुरूम. गेली काही वर्षे या वरच्या तुकड्याने काम करणे जवळजवळ थांबवले होते. सोयाबीन पेरले तर गुडघ्याला लागत नसे. पाने वेळेआधी पिवळी पडत. माती मुठीत घेऊन दाबली तर ढेकूळ धरत नसे, रेतीसारखी बोटांतून गळत असे. अशा मातीला पोत्यातले खत फार काळ धरून ठेवता येत नाही. तिला शेणखत लागते, आणि आमच्या दारात एकही जनावर उरलेले नाही. म्हणून या वर्षी कळप वरच्या तुकड्यावर बसावा, एवढीच माझी इच्छा होती. माझ्या वयात फार इच्छा ठेवू नयेत. ही एक मी ठेवली होती.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. नववीच्या वर्गात दरवर्षी फळ्यावर नत्रचक्र काढावे लागे. हवेतून शेंगवर्गी पिकाच्या मुळांवरील गाठींत, मुळांतून मातीत, मातीतून पिकात, पिकातून जनावरात, जनावरातून पुन्हा मातीत. बाण वाटोळे फिरून आपल्या जागी येत. मुले आकृती पाठ करत आणि तिला पूर्ण गुण मिळत. निवृत्तीनंतर शेतात उभे राहिल्यावर मला दिसले की बाण आपोआप फिरत नाहीत. सोयाबीन बाजारात जाते, तिथून तेलाच्या कारखान्यात. कडबा विकला जातो. बैल विकले गेले. मातीतून जे निघते ते गाडीत बसून गावाबाहेर जाते आणि परत येत नाही. उरलेले पाऊस नेतो. वरच्या तुकड्याची माती ओढ्याने गावच्या तलावात जाते आणि तिच्यासोबत आम्ही टाकलेले खतही जाते. वैशाखात तलावाचे पाणी आटते आणि त्यावर हिरवी साय धरते. जनावर तोंड लावत नाही असे ते पाणी असते. ती साय म्हणजे आमच्याच तुकड्याचे पीक. फक्त ते कापून घरी आणता येत नाही.

मेंढरू याच्या उलट दिशेने काम करते. दिवसभर ते डोंगरावर चरते. कुसळी, बोराटीचा पाला, बाभळीच्या वाळल्या शेंगा, जे माणसाच्या उपयोगाचे नाही ते खाते. रात्री जिथे बसते तिथे लेंड्या आणि मूत सोडते. डोंगराने वर्षभरात जमवलेले चार पायांनी चालत शेतात येते. पूर्वी उन्हाळ्यात आमच्या शिवारात तीन-चार कळप एकाच वेळी असत, आणि ते आपल्या रानात बसावेत म्हणून शेतकऱ्यांत भांडणे होत. आता ऊस वाढला, मोकळी राने राहिली नाहीत, वाटा बुजल्या. आमच्याकडे येणारा हा एकच कळप उरला होता.

मेंढपाळ पन्नाशीचा, उंच, वाकलेला. त्याचे गाव परांड्याकडे, सोनारीच्या अंगाला. बायको त्याच्यापेक्षा बुटकी आणि बोलण्यात त्याच्यापेक्षा पुष्कळ पुढे. घोड्यावर भांडी, कोंबड्या आणि वाघर. वाघर म्हणजे रात्री मेंढरांभोवती लावायची दोरीची जाळी. माझा धाकटा भाऊ खालच्या रानात विहिरीजवळच्या पत्र्याच्या खोलीत राहतो. तो त्यांना सामोरा गेला. मी गुडघ्यामुळे सावकाश गेलो.

"रामराम गुरुजी. तब्येत काय म्हनती?" मेंढपाळाने विचारले.

"आहे."

"हाय म्हंजे बरी का वाईट?" घोड्याच्या पलीकडून त्याच्या बायकोचा आवाज आला.

"आण्णा 'आहे' म्हनले की बरी समजायची," भाऊ म्हणाला. "वाईट असली की ते तेवढं बी बोलत न्हाईत."

ती हसली. घोड्यावरचा दोर सोडता सोडता तिने विचारले, "औंदा कुठं बसवायचं? मागल्या साली खाली बसवलं, आन् समदं झाल्यावर तुमी म्हनला, वर बसवाय पायजे व्हतं."

"या वर्षी वर," मी म्हणालो. "पूर्ण तुकडा फिरून. रोज जागा बदलून."

"वर लई मुरमाड हाय. वाघरीच्या मेखा जात न्हाईत."

"मेखा म्या ठोकतो," भाऊ म्हणाला.

"तुमी? तुमास्नी हातोडा उचलून द्यायला आमचंच एक मानूस लागंल."

"बाई, तुमी हातोड्याची काळजी करू नगा. तुमी भाकरीची करा."

"भाकरी करते की. पीठ तुमचं, म्हंजे जाड निघंल."

मेंढपाळ या बोलण्यात पडला नाही. तो शिवारावर नजर फिरवत होता. कळप नवीन रानात उतरवण्यापूर्वी हे लोक तसे करतात. त्याने विचारले, "हिरवं काय हाय का आसपास? जोंधळं, ऊस, काई?"

"तुमच्या मेंढरांपुरतं हाय," भाऊ म्हणाला आणि हसला. "सांजच्याला बगा. आत्ता सांगत न्हाय."

मेंढपाळाला वाटले असावे की हा बाभळीच्या शेंगांविषयी बोलतो आहे. भाऊ दरवर्षी शेंगा गोळा करून पोत्यात भरून ठेवतो आणि कळप आला की पसरतो. मलाही तेच वाटले. कोणी पुढे विचारले नाही. कळप डोंगराकडे गेला. बाईने वरच्या तुकड्याच्या कडेला लिंबाखाली तीन दगडांची चूल मांडली.

दुपारपर्यंत मी आणि भाऊ वर होतो. पहिल्या रात्रीची जागा कोणती, दुसरीची कोणती, हे मी काठीने आखून दाखवले. उताराच्या वरच्या अंगापासून सुरुवात करायची, म्हणजे पाऊस आला तरी लेंड्यांचे पाणी खाली वाहताना तुकड्यातच मुरेल. भाऊ मेखांसाठी पहारीने भोके पाडत होता. ऊन फार होते. डोंगरावरच्या पवनचक्क्या थांबलेल्या होत्या. तो मधूनच गुणगुणत होता. त्याला पाहुणे आलेले आवडतात. त्याची बायको गेल्यापासून त्याच्या खोलीवर फारसे कोणी येत नाही.

चारच्या सुमारास कळप पाण्यासाठी डोंगरावरून उतरला. विहिरीजवळच्या हौदात भावाने पाणी भरून ठेवले होते. तो पुढे खाली गेला, आणि घागर घेऊन बाईही त्याच्यामागे गेली. मी वरच थांबलो होतो. मला आधी कुत्र्याचे भुंकणे ऐकू आले आणि मग बाईची हाक. ती हाक शब्दांची नव्हती.

मी खाली पोहोचलो तेव्हा काय झाले होते ते पाहताच कळले. विहिरीच्या मागे, बांधाच्या आडोशाला, अर्ध्या गुंठ्याची एक पट्टी हिरवीगार होती. जोंधळ्याच्या बुडख्यांना आलेले फुटवे, वीत-दीड वीत उंच, गडद रंगाचे. तहानलेली मेंढरे हौदाकडे धावली होती, त्यांतली पुढची वीसेक वास लागून बांध ओलांडून आत शिरली होती. मेंढपाळ आणि कुत्रा त्यांना बाहेर काढत होते. काही बाहेर आली होती आणि पाय फाकून उभी होती. एक आडवी पडली होती, पोट भात्यासारखे चालत होते.

जोंधळा कापल्यावर पाऊस लागला किंवा पाणी मिळाले की खोडांतून असे कोवळे फुटवे येतात. त्या कोवळ्या पानांत विष असते. पोटात गेले की रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही. जनावर धापा टाकत मरते, तेही लवकर. आमच्याकडे याला किराळ लागणे म्हणतात. दारात जनावर होते त्या काळात घरातल्या प्रत्येकाला हे ठाऊक असे. भावालाही ठाऊक होते. पण गोठ्यात आता खताची पोती असतात, आणि जे रोज उपयोगात येत नाही ते माणसाच्या मनातून निघून जाते. फाल्गुनात जोंधळा निघाला, त्यानंतर अवकाळी पाऊस झाला, आणि बुडखे फुटले. भावाने ते पाहिले आणि त्याला पाहुण्यांची आठवण आली.

"त्यांच्यासाठीच राखलं व्हतं, आण्णा," तो म्हणाला. त्याचे हात लोंबकळत होते. "ठिबकनं पानी दिलं. दोन मुठी युरिया बी टाकला, म्हनलं लवकर वाढंल."

युरियाने विष वाढते. नत्र तेच. लेंडीतून यावे म्हणून मी त्याची पाडव्यापासून वाट पाहत होतो. पानात साठले तेव्हा त्याचे हे झाले. बोलण्याची वेळ नव्हती.

"साधं पानी पाजू नगा!" बाई ओरडली. "हौदापासनं हाना समद्यांला! पानी प्यालं की संपलं!"

किराळावर गुळाचे पाणी देतात हे मला आठवले. मी तिला विचारले, "गूळ?"

"गूळ! गूळ आना! किती बी असंल तो!"

भावाच्या खोलीत चहासाठी गुळाची अर्धी ढेप होती. त्याने ती दगडाने फोडली आणि बादलीत कालवली. मी ईटच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दोन प्रश्न विचारले, किती मेंढरे आणि खाऊन किती वेळ झाला. मग म्हणाले, "गुळाचे पाणी पाजत राहा, पाणीटाकीवर जाऊ देऊ नका, मी निघालो." त्यांनी वेळ घालवला नाही. मला ते आवडले.

बाटलीने पाजावे लागते. एकाने मान वर धरायची, एकाने ओठाच्या कोपऱ्यातून बाटली घालायची, घोट घोट सोडायचे. घाई केली तर पाणी फुप्फुसात जाते. मी माना धरल्या. हिरड्या गुंजेसारख्या लाल झाल्या होत्या. हे याच विषाचे लक्षण. रक्त लालभडक असते आणि जनावर गुदमरत असते. लोकर घामाने आणि धुळीने चिकट होती. पहिल्या मेंढीला पाजता पाजताच तिचे डोळे थांबले. मेंढपाळाने तिचे डोके खाली ठेवले आणि दुसरीकडे वळला. बाईच बोलत होती, सगळ्यांना हुकूम देत होती, त्यात मलाही.

"गुरुजी, तशी न्हवं, जबडा वर! वर! ती काय तुमच्या वर्गातली पोर न्हाय लाजायला!"

मी जबडा वर केला.

आणखी दोन मेल्या. त्यांतली एक लेकुरवाळी होती. तिचे कोकरू कळपात होते आणि ओरडत होते. बाईने ते उचलून दुसऱ्या एका मेंढीच्या पोटाखाली ढकलले. त्या मेंढीने लाथ मारली. बाईने तिला शिवी दिली आणि पुन्हा ढकलले.

डॉक्टर मोटारसायकलवरून आले. तरुण, जाड चष्म्याचे. मानेच्या शिरेतून त्यांनी एकेका मेंढीला औषध दिले. मी नाव विचारले. हायपो, ते म्हणाले. शाळेच्या प्रयोगशाळेत त्याचे पांढरे स्फटिक बाटलीत असत. मुले ते खडीसाखर म्हणून एकमेकांना दाखवत. काही वेळाने धापा कमी होऊ लागल्या. एक उठली, चार पावले गेली, पुन्हा बसली. मग दुसरी उठली. सूर्य डोंगरामागे जाईपर्यंत मेलेल्या तीन सोडून बाकी सगळ्या मान वर धरून होत्या.

डॉक्टर हात धुताना म्हणाले, "आज यांना चालवू नका. चढ तर अजिबात नको. जिथे आहेत तिथेच बसू द्या. मेलेल्या खोल पुरा. कुत्र्यांच्या तोंडी लागल्या तर त्यांना मेंढरांची चटक लागेल." एवढे बोलून ते गेले. त्यांना आणखी एका ठिकाणी जायचे होते.

आजारी मेंढरे खाली राहणार म्हणजे सगळा कळप खालीच राहणार. हे लोक कळप तोडून दोन ठिकाणी बसवत नाहीत. मेंढपाळाने वरच्या मेखा काढून आणल्या आणि खालच्या काळ्या रानात, विहिरीच्या वरच्या अंगाला, वाघर लावली. मेखा सहज गेल्या. ती जमीन भुसभुशीत आहे. तिला खताची गरज नाही. पावसाळ्यात तिथले सगळे ओढ्याला मिळेल आणि ओढ्यातून तलावाला.

भाऊ मेंढपाळापुढे जाऊन उभा राहिला. "पाव्हणं, जे नुकसान झालं ते आमच्याकडनं," तो म्हणाला. "तुमी सांगाल तसं."

मेंढपाळाने हात वर करून त्याला थांबवले. "ऱ्हाऊ द्या."

"ऱ्हाऊ द्या कसं?"

"ऱ्हाऊ द्या म्हनलं न्हवं. तुमी काय वैर म्हनून केलं न्हाय."

बाई चुलीचे सामान वरून आणून खाली ठेवत होती. ती थांबली. मेलेल्या तीन मेंढ्या बांधाच्या कडेला ओळीने होत्या. त्यांच्याकडे बोट करून ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "ह्या वर न्या, गुरुजी. तुमाला वर खत पायजे व्हतं न्हवं?"

"गप," नवरा म्हणाला.

"का गप? खरं तेच बोलले."

"खरेच आहे," मी म्हणालो. "वर नेतो."

तिला या उत्तराची अपेक्षा नसावी. ती चुलीकडे वळली. त्यानंतर ती आमच्याशी बोलली नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही बोललो नसतो.

मेंढपाळ मात्र थोड्या वेळाने माझ्याजवळ आला. त्याने टोपी काढून हातात घेतली. "गुरुजी, उद्या ह्या उठल्या की आमी जातो. राग न्हाय. तुमचं घर लई जुनं हाय आमाला, माज्या बापाच्या येळंपासनं. पर ह्या रानात म्या आता जित्राब आनायचो न्हाय. भैरवनाथाची आण घेतली म्या. रातभर डोळ्याला डोळा लागनार न्हाय हितं."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"तुमास्नी वाईट वाटलं?"

"ते महत्त्वाचे नाही."

त्याने टोपी घातली आणि वाघरीकडे गेला. पुढच्या उन्हाळ्यात दुसरा कळप येईल का, हे मी त्याला विचारले नाही. येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. वरच्या तुकड्याचा प्रश्न त्या क्षणी निकालात निघाला. त्याला जे मिळायचे ते त्या संध्याकाळी मिळणार होते, आणि ते एकाच खड्ड्यापुरते.

भावाच्या लोखंडी हातगाड्यावर दोन फेऱ्यांत आम्ही मेंढ्या वर नेल्या. चढावर तो ओढत होता आणि मी मागून ढकलत होतो. गुडघा बोलत होता. मी त्याचे ऐकले नाही. सकाळी मी आखलेल्या पहिल्या जागेवर, उताराच्या वरच्या अंगाला, खड्डा घ्यायचे ठरवले. वीतभर माती निघाली आणि मुरूम लागला. मग पहार, टिकाव, फावडे. मुरमावर पहार आपटली की हाताला कंप चढतो आणि तो खांद्यापर्यंत जातो. दोन म्हाताऱ्यांनी करायचे हे काम नव्हे. दुसरे कोणी नव्हते.

"आण्णा," भाऊ थांबून म्हणाला. "शिव्या तरी द्या."

"खोद."

तो खोदू लागला. काही वेळाने पुन्हा थांबला. "मला कसं आठवलं न्हाय? आपली तांबडी गाय किराळ लागूनच गेली व्हती. म्या रडलो व्हतो तवा."

"तुला आठवले नाही. मी विहिरीमागे जाऊन पाहिले नाही. खोद."

"मीठ आनू का खड्ड्यात टाकायला? लोक पोतंभर टाकतेत."

"नको. मीठ टाकले तर इथे दहा वर्षे काही उगवणार नाही."

खड्डा कमरेएवढा झाला तेव्हा मी पुरे म्हणालो. मेंढ्या आत ठेवल्या. टाकल्या नाहीत, ठेवल्या. भावाने लेकुरवाळीचे पाय दुमडून घेतले, म्हणजे ती बसल्यासारखी राहील. मी त्याला अडवले नाही. त्या डोंगरावर चरल्या होत्या. कुसळी, बोराटी, बाभळीच्या शेंगा. ते सगळे त्यांच्या हाडामांसात होते. दोन-तीन पावसाळ्यांत मातीत उतरेल. या खड्ड्याभोवती चार हात जागेत सोयाबीन उंच येईल आणि गडद हिरवे दिसेल. बाकी तुकडा आहे तसा राहील. चक्र पूर्ण होते ते असे, आणि ते पूर्ण झाल्याचे कोणाला समाधान असेलच असे नाही. शाळेत हा भाग शिकवायचा राहून गेला.

आधी मुरूम लोटला, मग बाजूला काढून ठेवलेली माती वर घातली. भावाने पायाने दाबायला सुरुवात केली आणि थांबला. त्याला पाय देववेना. मी फावड्याच्या पाठीने थोपटून माती बसवली. खाली त्यांची चूल पेटली होती आणि कोकरू अजून ओरडत होते.

भाऊ हातगाडा घेऊन उतरला. मी मागे राहिलो. बांधावरच्या बोराटीच्या काटेरी फांद्या कोयत्याने तोडल्या, खड्ड्यावर उलट्या अंथरल्या आणि कुत्र्यांना ओढता येऊ नयेत म्हणून त्यांची बुडे मातीत खोल खोचली.